संप मिटला, पण गेलेल्या नोकरीचे काय?

सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला रेल्वेच्या नोकरीची किंमत सांगावी लागत नाही. पाऊस पडला तर ज्वारी, नाही तर कडब्यालाही महाग, असा हा मुलूख. घरातला एक मुलगा गँगमन, पॉइंटमन किंवा खलाशी म्हणून लागला, की ती घराची बारमाही विहीरच. १९७२ च्या दुष्काळात असा एक पगार ज्या घरात येत होता, त्या घराला त्याचे मोल विचारा!

पण वाचकहो, हीच नोकरी संपात गेली तर? "त्याने संप केला, साहेबांनी काढले, आता बोलायचे कोणत्या तोंडाने?" असे म्हणून पुष्कळ घरे गप्प बसतात. गप्प बसण्याआधी दोन संपांची हकीकत वाचा.

पहिला संप १९७४ चा. ८ मेपासून २७ मेपर्यंत, म्हणजे वीस दिवस चाललेला. त्या वेळी रेल्वेत सुमारे १७ लाख माणसे होती. मागण्या बोनसच्या, महागाईभत्त्याच्या आणि आठ तास कामाच्या. कामाच्या तासांसाठी १९६९ मध्ये न्यायमूर्ती मियाभॉय यांचा लवाद नेमला होता. पण सारे तंटे त्याने मिटले नाहीत. संपाआधीच, २ मे रोजी, कामगारांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. सरकारने भारत संरक्षण नियमांखाली संप बेकायदा ठरवला. हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंची नोकरी गेली, आणि ठिकठिकाणी बायकामुलांना क्वार्टरबाहेर काढण्यात आले. सोलापूर विभाग तेव्हा दक्षिण मध्य रेल्वेत होता. मुख्यालयापर्यंत दाद मागायची, तर इथल्या माणसाला सिकंदराबाद गाठावे लागे. २ ऑक्टोबर १९७७ पासून हा विभाग मध्य रेल्वेत, म्हणजे मुंबईकडे आला.

मार्च १९७७ मध्ये केंद्रातले सरकार बदलले. कोकणातून निवडून आलेले प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि १९७४ च्या संपात काढलेल्यांना त्यांनी परत कामावर घेतले. नोकरीत पडलेला खंडही माफ झाला. हा न्याय सरकार बदलल्यामुळे मिळाला. पण दर वेळी सरकार बदलेल आणि आपला माणूस कामावर येईल, या भरवशावर संसार चालत नाही.

दुसरा संप इंजिनवरच्या कामगारांचा, १९८१ चा. ड्रायव्हर, फायरमन अशा अनेकांना चौकशी न करताच काढण्यात आले. हे कसे झाले, ते समजून घ्या. कोणाला काढायचे तर आधी आरोपपत्र, मग चौकशी, त्याचे म्हणणे ऐकणे आणि मग हुकूम, असा रेल्वेचा नियम आहे. मात्र शिस्त व अपील नियमांतल्या नियम १४ मध्ये एक पळवाट आहे. चौकशी करणे शक्यच नाही, असे साहेबाला वाटले, तर त्याची कारणे कागदावर लिहून तो चौकशीशिवाय काढू शकतो. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमातही अशीच तरतूद आहे.

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ जुलै १९८५ च्या तुलसीराम पटेल खटल्याच्या निकालात न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली, पण कारणे लिहिलीच पाहिजेत आणि अपिलाची वाट खुली राहिली पाहिजे, असेही बजावले. त्या वाटेने कामगार चालत राहिले. १९८५ पासून केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण सुरू झाले होते. तिथे कागद तपासले गेले आणि चौकशी टाळायला पुरेसा आधार नव्हता, असे दिसून आले. अखेर ऑगस्ट १९९३ मध्ये रेड्डप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत त्यांना कामावर घेण्याचा हुकूम दिला. तीन वर्षांच्या पगाराइतकी भरपाई देवविली. जे निवृत्त झाले त्यांना ती मिळाली, आणि जे वारले त्यांच्या कुटुंबाला. पेन्शनसाठी मधली वर्षे धरली; बढती मात्र मिळाली नाही. बारा वर्षे गेली, पण हक्क गेला नाही.

याचा अर्थ संप केला तरी काही होत नाही, असा घेऊ नका. सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. बेकायदा संपाची शिक्षा होऊ शकते. पण शिक्षा देण्याचीही रीत असते, आणि रीत मोडली असेल तर हुकूम टिकत नाही. संपात भाग घेतला की नाही हा एक प्रश्न; त्याचे ऐकून घेतले की नाही हा दुसरा. नोकरी परत मिळते ती पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नावर.

म्हणून घरच्यांनी एवढे करावे. हुकूम हातात आला की तो कोणत्या तारखेला मिळाला, ते लगेच टिपून ठेवावे. अपिलाची मुदत त्या दिवसापासून ४५ दिवसांची असते. हुकमात "बडतर्फ" लिहिले आहे की "सेवेतून काढले", ते पाहावे. बडतर्फ झालेल्याला पुढे सरकारी नोकरीचे दार सहसा बंद होते. नुसते काढलेल्याला ते उघडे असते. चौकशी टाळली असेल, तर त्याची कारणे लिहिली आहेत का, ते बघावे. अपील लेखी द्यावे, पोच घ्यावी. अपील फेटाळले, तर वर्षाच्या आत न्यायाधिकरणाकडे जाता येते. नेमणुकीचा कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, मेमो, सारे एका ट्रंकेत ठेवावे.

सातबारा आपण जिवापाड जपतो, कारण जमीन कोणाची हे तोच सांगतो. मुलाच्या नोकरीचा कागदही त्याच्याच शेजारी ठेवण्याच्या लायकीचा आहे.