अडगळ, आवराआवर आणि काही रूढ समजुती

घरातील अडगळ हा साठ्याचा प्रश्न आहे, असे बहुतेक जण गृहीत धरतात. माळा भरला, कपाटाचे दार लागेनासे झाले, पलंगाखालच्या पेटीत जागा उरली नाही, की दिवाळीपूर्वीचा एखादा आठवडा काढून सारे उपसावे आणि प्रश्न मिटवावा, अशी ही समजूत आहे. वस्तुतः हा आवक-जावकीचा प्रश्न आहे. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके, लग्नाच्या आहेरातली भांडी, निमंत्रणपत्रिका, जुन्या मोबाइलचे चार्जर, जेवणासोबत आलेले प्लास्टिकचे डबे घरात जवळजवळ रोज येत असतात आणि त्यांना बाहेर जाण्याची वाट मात्र वर्षातून एकदाच मोकळी होते, त्यामुळे लखलखीत केलेला ओटा तुळशीचे लग्न लागेपर्यंत पुन्हा पूर्वपदावर आलेला असतो.

यात दिवाळीच्या साफसफाईला दोष देण्याचे कारण नाही. पावसाळ्यात मुरलेला ओलावा, बुरशी आणि कपड्यांना व पुस्तकांना लागणारी कसर यांवर ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या, गोधड्या आणि ट्रंकेतले कपडे वाळवणे हा आजही योग्य उपाय आहे. मात्र वस्तूंचा निचरा हे तिचे मुख्य काम नव्हते, कारण त्याची सोय वर्षभर चालू असे. रद्दीवाला आणि भंगारवाला दारावरून जात, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई, आणि विरलेल्या लुगड्यांची वाकळ होई. आजच्या घरातील पुष्कळशा वस्तूंना असा ठरलेला गिऱ्हाईक नाही. बिघडलेला ट्रिमर, संपलेल्या बॅटऱ्या आणि प्लास्टिकचे डबे यांतील प्रत्येकाची वाट वेगळी असल्याने प्रत्येक वस्तूगणिक एक स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो, आणि असे शेकडो निर्णय एका दिवसात उरकण्याच्या प्रयत्नातच माणूस थकून उरलेले सामान पुन्हा माळ्यावर चढवतो.

थोडे थोडे आवरून घर कधीच आवरत नाही, हा दुसरा समज मारी कोंडो या जपानी लेखिकेच्या, 2014 साली इंग्रजीत आलेल्या पुस्तकामुळे बळावला. आधी कपडे, मग पुस्तके, कागदपत्रे, किरकोळ सामान आणि शेवटी आठवणींच्या वस्तू या क्रमाने सारे घर एकदाच निवडून काढावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वस्तू एकाच व्यक्तीच्या मालकीच्या असतील, तर ही पद्धत उत्तम चालते. परंतु जेथे आजोबांच्या फायली, सासूबाईंची पितळी भांडी आणि मुलांच्या वह्या एकाच कपाटात नांदतात, तेथे सारे उपसणाऱ्या व्यक्तीपाशी सलग मोकळे दिवस आणि निर्णयाचा अधिकार या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात, आणि बहुतेक घरांत हे काम जिच्याकडे येते त्या गृहिणीपाशी यांतली एकही नसते. अशा ठिकाणी रोजच्या लहान कामाला पर्याय नाही.

लहान काम म्हणजे मात्र दिसेल ते इकडून तिकडे ठेवणे नव्हे. ज्याची हद्द आधी ठरलेली आहे आणि जे त्याच बैठकीत पुरे होते, असे काम. औषधांचा डबा हे त्याचे चांगले उदाहरण. त्यात कापून घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात आणि मुदतीची तारीख बहुधा पट्टीच्या ज्या टोकाला छापलेली असते तेच टोक दुकानात राहिलेले असते. शिवाय डोळ्यांत घालायचे थेंब बाटली उघडल्यानंतर साधारण महिनाभरच वापरायचे असतात, ही सूचना वेष्टनावर बारीक अक्षरांत असल्याने खोके फेकले की तीही जाते. तारीख न दिसणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढणे आणि पुढच्या थेंबांवर उघडल्याची तारीख लिहिण्यासाठी डब्यात एक पेन ठेवणे, एवढ्यावर काम संपते. मुदत टळलेली औषधे ओल्या वा सुक्या कचऱ्यात टाकायची नसतात. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी ती घरगुती घातक कचऱ्यात मोजली होती.

अशी कामे एकवीस दिवस केली की सवय लागते, हे विधान तर आता सुभाषितासारखे वापरले जाते. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ हा शब्द पुढे गळाला आणि चेहऱ्याच्या जागी व्यायामापासून आवराआवरीपर्यंत सारे काही आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांच्या खाण्यापिण्याच्या व व्यायामाच्या नव्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा वर्तन अंगवळणी पडण्याचा मध्यम कालावधी 66 दिवसांचा आणि त्याचा पल्ला 18 पासून 254 दिवसांपर्यंतचा निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, असेही त्यात आढळले. हा निष्कर्ष आवराआवरीला अधिक उपयोगी आहे, कारण पाहुणे, परीक्षा आणि आजारपण यांच्यामुळे घरातला एखादा दिवस चुकतोच.

वस्तू टाकवत नाही त्याचे कारण काटकसर, हा समजही अर्धाच खरा आहे. एखादी वस्तू केवळ आपल्या मालकीची झाली म्हणून तिची किंमत आपल्याला जास्त वाटू लागते, याला अर्थशास्त्रात स्वामित्वाचा परिणाम म्हणतात. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना मग दिले आणि विकायचा झाल्यास किती घ्याल असे विचारले. त्यांनी सांगितलेली किंमत मग न मिळालेल्या विद्यार्थ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती. माळ्यावरच्या वीस वर्षे जुन्या मिक्सरबद्दल मग बोलायलाच नको. म्हणून वस्तू हाती घेऊन ‘कधी लागेल का?’ असे विचारले, की उत्तर हमखास ‘लागेल’ असेच येते. ‘ही आज नसती, तर विकत आणली असती का?’ हा प्रश्न मालकीची भावना बाजूला ठेवतो. नवे डबे आणि कप्पे आणून व्यवस्था लागते, हा समज याच भावनेचा पुढचा टप्पा होय. जपानी कारखान्यांतील ‘फाइव्ह एस’ या व्यवस्थापद्धतीत अनावश्यक ते वेगळे काढणे ही पहिली पायरी आणि जागा लावणे ही दुसरी आहे, आणि हा क्रम उलटला की अडगळच नीट रचून ठेवली जाते.

काही कामांचे अंतर माणसाच्या सोयीने ठरत नाही. गच्चीवरचे टायर, गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्या आणि त्यांखालच्या ताटल्या निरुपद्रवी वाटतात. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याच्या सूचनेमागे हेच गणित आहे. केवळ पाणी ओतून देणे मात्र पुरत नाही, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात आणि ती घासूनच काढावी लागतात.

कागदांच्या बाबतीत उलट टोकाची घाई दिसते. मोबाइलवर फोटो काढला की मूळ कागद टाकता येतो, हा समज महागात पडू शकतो. ‘डिजिलॉकर’मध्ये संबंधित कार्यालयाने स्वतः जारी केलेल्या दस्तऐवजाला नियमांनी मूळ प्रतीच्या बरोबरीचे स्थान दिले आहे, पण स्वतः काढून तेथे चढवलेल्या छायाचित्राला ते नाही. खरेदीखत आणि मृत्युपत्र यांचे मूळ कागद तर जपूनच ठेवावे लागतात.

पसारा म्हणजे आळस, हा सर्वांत जुना आरोप अनेकदा अन्यायकारक असतो, आणि एका परिस्थितीत तो घातकही ठरतो. वस्तू टाकण्याच्या कल्पनेनेच तीव्र यातना होणे आणि साठवणुकीमुळे स्वयंपाकघर वा पलंगदेखील वापरता न येणे, अशी लक्षणे असलेल्या ‘होर्डिंग डिसऑर्डर’ला अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. अशा व्यक्तीच्या गैरहजेरीत घर रिकामे केले, तर तिचा घरच्यांवरचा विश्वास उडतो आणि साठवण बहुधा पुन्हा सुरू होते. तेथे रोजच्या लहान कामाचा सल्ला पुरत नाही, वर्तनोपचाराचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे लागते.