पहिली गाडी : लोखंड, कागद आणि हप्ता

१९७२ साली संसदेने भाडेखरेदीचा कायदा मंजूर केला. हप्त्याने वस्तू घेणाऱ्याचे हक्क कोणते, किती रक्कम फेडून झाल्यावर विकणाऱ्याला ती वस्तू न्यायालयात न जाता परस्पर उचलून नेता येणार नाही, हिशेबाचा कागद मागायचा अधिकार कोणाला, अशा बाबी त्यात नीट लिहिलेल्या होत्या. हा कायदा प्रत्यक्षात एकही दिवस अमलात आला नाही. २००५ साली तो रद्द करण्यात आला. मधल्या तेहतीस वर्षांत ट्रक, टॅक्सी, ट्रॅक्टर, रिक्षा आणि पुढे पुढे मोटारगाड्या हप्त्याने घेतल्या गेल्या त्या बहुतांशी छापील करारनाम्यांच्या जोरावर. हे करारनामे धनकोने छापून घेतलेले असत आणि सही मात्र ऋणकोची असे.

रद्दीच्या दुकानांतून जुने करारनामे, पावत्या आणि मोटारींच्या जाहिराती गोळा करण्याचा मला बरीच वर्षे नाद आहे. मी ना वकील, ना मोटार अभियंता. पण ही बाडे वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत गेली. गाडी घेणारा माणूस पंधरा-पंधरा दिवस रंग, अ‍ॅव्हरेज आणि डिकी यांची चर्चा करतो आणि कर्जाच्या कागदांवर दहा मिनिटांत सह्या करून मोकळा होतो. गाडी भरवशाची आहे की नाही हे ठरवताना इंजिनाइतकाच हा कागद महत्त्वाचा असतो, आणि याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिले गेले आहे.

‘भरवशाची गाडी’ या शब्दांचा अर्थही काळाबरोबर बदलला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटला पुढे कागदोपत्री ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले, लोकांच्या तोंडी मात्र ती फियाटच राहिली. एकीकडे ती, दुसरीकडे उत्तरपाड्याची अँबॅसेडर. निवडीला वाव जवळजवळ नव्हता आणि नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा काळात भरवशाची गाडी म्हणजे कधी बंद न पडणारी गाडी नव्हे, तर कुठेही बंद पडली तरी तिथल्या तिथे दुरुस्त होणारी गाडी. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही फियाटचा कार्ब्युरेटर रस्त्यावर उघडून साफ करून देई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी का धरून ठेवली, याचे उत्तर त्यात आहे. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून बाहेर पडली ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि भरवशाची व्याख्या पालटली. ७९६ सीसीचे ते छोटे इंजिन सकाळी एका चावीत सुरू होई. पण पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तसाच होता. सरकारी नोकराला खात्याकडून मोटार अग्रिम मिळे, व्यापाऱ्याकडे रोकड असे, बाकीच्यांनी भविष्य निर्वाह निधी मोडायचा किंवा सोनाराकडे जायचे. हप्त्याचा धंदा होता तो मुख्यतः ट्रकचा. मद्रासची सुंदरम फायनान्स १९५४ सालची, तिचा पायाही व्यापारी वाहनांच्या भाडेखरेदीवरच उभा राहिला. पगारदार माणसाच्या दारात बँका स्वतःहून मोटारकर्ज घेऊन आल्या त्या १९९१ नंतर. १९९८ च्या डिसेंबरात पुण्याच्या टेल्कोने इंडिका आणली. तोवर मध्यमवर्गीय घरात ‘हप्ता किती बसेल?’ हा प्रश्न ‘किंमत किती?’ या प्रश्नाच्या आधी विचारला जाऊ लागला होता.

हा क्रम उलटला आणि तिथेच फसगत सुरू झाली. ती आकड्यांनीच दाखवतो. समजा पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी हवे आहे. एक जण म्हणतो, “आमचा दर फक्त सात टक्के, फ्लॅट.” दुसरा म्हणतो, “आमचा नऊ टक्के, घटत्या शिलकेवर.” सात आणि नऊ यांत सात लहान, हे शेंबडे पोरही सांगेल. पण फ्लॅट दर म्हणजे पूर्ण पाच लाखांवर पाचही वर्षे व्याज. मुद्दल तुम्ही दरमहा फेडत असता, तरी व्याज मात्र न फेडल्यासारखे लागते. ते होते १ लाख ७५ हजार आणि हप्ता बसतो ११,२५० रुपये. घटत्या शिलकेच्या नऊ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे १०,३८० आणि एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार. म्हणजे ‘सात टक्के’ हे ‘नऊ टक्क्यां’पेक्षा जवळपास ५२ हजारांनी महाग. त्या फ्लॅट सात टक्क्यांचा खरा दर काढला तर तो साडेबाराच्या आसपास जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला पाठ असते, पण इथे अंथरूणच लांब करून दाखवलेले असते.

मुदतीचेही तसेच. तेच पाच लाख, तेच नऊ टक्के, पण मुदत सात वर्षे. हप्ता उतरतो सुमारे ८,०४५ वर, आणि शोरूममधला विक्रेता नेमका हाच आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो. व्याज मात्र पुन्हा पावणेदोन लाखांच्या वर. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. तीन वर्षे निमूट हप्ते भरल्यावरही अशा कर्जात सव्वातीन लाखांच्या आसपास मुद्दल शिल्लक असते. नोकरी गेली, बदली झाली, घरात आजारपण निघाले आणि गाडी विकायची वेळ आली, तर गाडीची किंमत आणि राहिलेले कर्ज यांची तोंडमिळवणी कठीण होते. माझ्या मते पाच वर्षांत फिटत नसेल ती गाडी आपली नव्हे. चार वर्षांत फिटली तर उत्तम.

गाडीची किंमत किती वेगाने उतरते याचा अंदाज विम्याच्या जुन्या तक्त्यावरून येतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर जी रक्कम मिळते ती ठरवताना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घसारा धरण्याची रीत आहे. बाजारभाव अगदी याच पायऱ्यांनी उतरतो असे नाही, पण दिशा तीच. पहिल्या मालकाने तीन-चार वर्षांचा घसारा सोसलेली गाडी म्हणूनच पहिली गाडी म्हणून शहाणपणाची ठरते. शिवाय शिकाऊ हाताने पहिले ओरखडे जुन्या पत्र्यावर पडलेले बरे. नव्या गाडीवर वाहनकरही येतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो किमतीच्या ११ टक्के, एकरकमी. जुन्या गाडीच्या पहिल्या मालकाने तो भरून टाकलेला असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा नव्या-जुन्यातले अंतर थोडे कमी झाले हेही खरे. छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत इंजिन. ही चार मीटरची रेघ २००६ च्या अर्थसंकल्पातली. आपल्या रस्त्यांवर मागून कापल्यासारख्या दिसणाऱ्या आखूड डिकीच्या ज्या गाड्या दिसतात, त्यांचा आकार अभियंत्याइतकाच करखात्यानेही ठरवला आहे.

जुनी गाडी घेताना वर्षाकडे एका वेगळ्या कारणासाठी पाहावे. एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जॅम होऊ न देणारी व्यवस्था, सक्तीची झाली. त्याच वर्षी जुलैपासून चालकापुढची एअरबॅग आणि सीटबेल्टची आठवण करणारा आवाज सक्तीचा झाला. पन्नास हजार वाचवण्यासाठी या रेघेच्या अलीकडची गाडी घेऊ नये, विशेषतः घाटातून जा-ये असेल तर.

आता लोखंडाकडे. आपल्या राज्यात पुराचा प्रश्न मोठा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगली आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक पुरात बुडालेल्या गाड्यांपैकी काही धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यात विकायला येतात. इंजिन दुरुस्त होते, पण वायरिंगमध्ये शिरलेले पाणी दोन-दोन वर्षांनी त्रास देते. तपासायचे असे : सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, आतल्या टोकाला मातीची रेघ लपत नाही. सीट ज्या रुळांवर सरकते तिथे बॅटरी मारून गंज पाहावा. स्टेपनी काढून तिच्या खळग्यात हात फिरवावा. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसावे, दमट वास सुगंधी डबीने पूर्ण मरत नाही.

अपघाताच्या खुणा वेगळ्या. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात बनावटीचे वर्ष सुचवणारी खूण असते, एकीचीच वेगळी निघाली तर ती का बदलली हे विचारावे. दारांच्या आणि बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला असेल तर तिथे पाना फिरला आहे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर वीस हजार किलोमीटर दाखवतो आणि टायर मात्र गाडीपेक्षा तीन वर्षांनी तरुण, तर मीटर मागे फिरवल्याची शंका घ्यावी आणि सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. गाडी पाहायला सकाळी जावे, आणि आधी सुरू करून ठेवू नका असे आदल्या दिवशीच सांगावे. थंड इंजिन खोटे बोलत नाही. सोबत ओळखीचा मेकॅनिक असावा आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, म्हणजे तो विकणाऱ्याकडून घेणार नाही.

कागदाचे मात्र कोणी मेकॅनिक पाहून देत नाही. भाडेखरेदीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी फायनान्सवाल्याची, आपण नुसते भाडेकरू. आज बँका सहसा हायपोथिकेशनवर कर्ज देतात. त्यात मालक तुम्ही, गाडीवर बोजा बँकेचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे दोन्ही प्रकारांची नोंद आरसीवर होते. अपघाताच्या जबाबदारीसाठी मात्र कायदा कराराखाली गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच मालक धरतो. म्हणजे भाडेखरेदीतल्या माणसाला मालकीचे सुख नव्हते, भार मात्र पुरा होता.

विकणाऱ्याच्या बाजूनेही हे कलम नीट समजून घ्यावे. आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपली गाडी एका दलालाला दिली, फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून. दलालाने ती पुढे, पुढच्याने आणखी पुढे. सरांना तीन वर्षे कुठल्या कुठल्या शहरांतून चलने येत राहिली. चलनांवर निभावले हे नशीब. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला : गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली असो, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाई त्याच्यावर. तेव्हा पैसे मोजून झाले म्हणजे व्यवहार झाला असे दोघांनीही समजू नये. घेणाऱ्याने विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे आपोआप येत नाही. नो-क्लेम बोनस तर गाडीचा नसून माणसाचा असतो, जुना मालक तो आपल्या पुढच्या गाडीसाठी घेऊन जातो.

कर्ज थकले तर? २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावले की गुंड पाठवून गाड्या उचलता येणार नाहीत, वसुली कायद्याच्या मार्गानेच करावी. तरीही करारात ताबा घेण्याचे कलम असतेच आणि ते वाचूनच सही करावी. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हेही तिथेच लिहिलेले असते. मोटारकर्ज बहुधा ठरीव दराचे असते, त्यामुळे तरत्या दराच्या गृहकर्जाला मिळणारी सवलत इथे आपोआप मिळेल असे धरून चालू नये.

हप्त्याखेरीजचा खर्च लोक विसरतात. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला पंधरा, पेट्रोल शंभरच्या पुढे, म्हणजे सात हजार इथेच गेले. विमा, सर्व्हिस, टायरांसाठी बाजूला टाकायचे पैसे, सोसायटीचे पार्किंग हे वेगळे. दहा हजारांचा हप्ता परवडतो असे म्हणणाऱ्याने वीस हजारांचा विचार करावा. गाडी घेण्याआधी सहा महिने तेवढी रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाकून पाहावी. जमले तर डाउन पेमेंटही वाढते, न जमले तर नुकसान काहीच नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे एक पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्यासकट सगळा खर्च धरून निघणारा वार्षिक दर छापलेला असतो. फ्लॅट असो वा घटता, दोन धनकोंची तुलना करायची ती याच एका आकड्यावर. हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, असे आदेशातच म्हटले आहे. ते मराठीत मागावे. ‘साहेब, सिस्टीममध्ये इंग्रजीच आहे’ असे उत्तर मिळाले तर सही दुसऱ्या दिवशीवर टाकावी. पाडव्याचा मुहूर्त चुकला तरी चालेल.

आणि शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्यावा. बँकेने कर्जखाते बंद केले तरी आरसीवरची ती ओळ आपल्या अर्जाशिवाय निघेल या भरवशावर राहू नये. दहा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून अंगावर वागवणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तोवर कर्ज देणारी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते, शाखा उठलेली असते, आणि सही करायला कोणी सापडत नाही.