मावशींचा रविवार

दसरा होऊन आठवडा झाला असेल. सकाळची गडबड, कुकरची तिसरी शिट्टी आणि ह्यांचा डबा अजून भरायचा राहिलेला. तेवढ्यात आमच्या मावशी पदराला हात पुसत ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“वहिनी, या महिन्यापासून आम्हाला महिन्याला चार सुट्ट्या पाहिजेत. अन् दिवाळीला एक पगार बोनस. आमच्या संघटनेत ठरलंय.”

संघटना? तव्यावरची पोळी करपेपर्यंत मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, मला राग आला. चौदा वर्षं मावशी आमच्याकडे येतात. दिवाळीला साडी देते, पाहुणे आले की डबा भरून देते, मुलीच्या पुस्तकांना पैसे दिलेत. आणि आज त्या म्हणतात, ‘ठरलंय’! विचारलं असतं तर दिली नसती का सुट्टी? दुपारी शेजारच्या काकूंकडे गेले, तर तिथे हाच विषय. गल्लीतल्या चार घरांचं एकमत झालं, की एकीने ‘हो’ म्हटलं तर सगळ्यांना भोवेल. आधी कुणी कबूल व्हायचंच नाही.

रात्री जेवताना मी सगळं गाऱ्हाणं ह्यांच्यापुढे मांडलं. हे बँकेत. शांतपणे आमटी भुरकत म्हणाले, “आपला नवा फ्रीज कुठल्या पैशातून आला, आठवतंय?”

आठवत होतं. बँकेच्या पगारवाढीची थकबाकी मिळाली होती, त्यातून.

“तो करार कुणी केला? आमच्या संघटनांनीच ना? मग मावशींनी काय वेगळं केलं?”

मला उत्तर सुचेना. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचं व्यवस्थापन यांच्यात पगाराचा पहिला देशव्यापी करार १९६६ साली झाला. तेव्हापासून हे करार होत आलेत. अकरावा करार ११ नोव्हेंबर २०२० रोजी झाला, पंधरा टक्के वाढीचा. ते साल वाचूनच माझ्या घशात घास अडकला.

२०२०! करोनाचं साल. टाळेबंदीत ह्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होत होता, वर करारही झाला. आणि मावशी? मार्चचा पगार मी दिला, एप्रिलचा अर्धा दिला, मे महिन्यात “कामाला येतच नाही तर कसा देऊ?” असं स्वतःचं समाधान करून घेतलं. त्यांनी मागितला नाही. मागायला त्यांच्या पाठीशी होतं कोण? पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, राज्य सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली. मावशींची नोंदणीच नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. मलाही कुठे माहीत होतं म्हणा!

मग मी जरा वाचायला घेतलं. पहिल्यांदा कळलं ते रविवारचं. आपल्याला वाटतं रविवारची सुट्टी आभाळातून पडली. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी ठरलेली साप्ताहिक सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि ही मागणी धरून ठेवली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. विचार करा, त्या काळात! अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या मालकांनाही तेव्हा वाटलंच असेल, की ह्यांना सुट्टी दिली तर धंदा बुडेल. गिरण्या त्यानंतरही कित्येक दशकं चालल्या.

दुसरं कळलं ते मावशींच्याच कामाविषयी. पुण्यात १९८० मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. पगारवाढ मागितली, सुट्टी मागितली. त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे पुष्कळ वर्षांच्या मोर्च्यांनंतर २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वर्षं वयाच्या घरकामगारांना त्यात नाव नोंदवता येतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण संघटनांनी देशाचं नुकसानही केलंय ना? प्रश्न रास्त आहे. आमचे मामा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मामा गावी परतले. मामीने पापड लाटून आणि शिवणाचं मशीन चालवून दोन मुलं शिकवली. आईपुढे रडताना तिला मी पाहिलंय. त्यामुळे संप म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. कधी ताणायचं आणि कधी सोडायचं हे पुढाऱ्यांना कळलं नाही, तर त्याची किंमत घरातली बाई मोजते. पण मामी एक सांगायची. आधीची मान्यताप्राप्त युनियन कामगारांचं ऐकतच नव्हती, आणि कायद्याने वाटाघाटी तिच्याशीच व्हायच्या. म्हणजे घोळ संघटना असण्यात नव्हता. जी होती ती कामगारांची राहिली नव्हती, आणि समोरचे बोलायला तयार नव्हते.

उलट आपल्या मार्केट यार्डातले हमाल बघा. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना एकत्र आणलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. जिथे मंडळ लागू आहे तिथे व्यापारी मजुरी आणि वरची लेव्ही मंडळाकडे भरतो, आणि मंडळ हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस देतं. हे म्हणतात, “हमालाचा पगार खात्यात येतो तेव्हा त्याला बचतीची सवय लागते, अडीनडीला सावकाराकडे जावं लागत नाही. त्याची ठेव बँकेत येते, तीच आम्ही दुकानदाराला कर्ज म्हणून देतो.” देशाची अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच की! आपल्याकडे दहा कामगारांतले जवळजवळ नऊ असंघटित आहेत. त्यांच्या हातात पैसा नसेल तर बाजारात गिऱ्हाईक कुठून येणार?

मी मावशींनाच विचारलं, “बोनस मिळाला तर काय कराल?” त्यांनी बोटं मोडत हिशेब सांगितला. मुलीची कॉलेजची फी. नातवाला बूट. किराणावाल्याची उधारी. पत्र्याला नवा पन्हाळ. माझ्या लक्षात आलं, यातला एकही रुपया गावाबाहेर जात नाही. आमच्याच पेठेतल्या चार दुकानांत फिरतो. तोच किराणावाला त्यातून दुकानातल्या पोराचा पगार देतो. माझ्याकडे तेच पैसे राहिले असते तर कपाटात आणखी एक साडी वाढली असती, एवढंच.

पण खरी परीक्षा पुढेच होती. मंडळात नाव नोंदवायला मालकाचा दाखला लागतो. मावशी अर्ज घेऊन आल्या. आधीच्या तीन घरांनी सही दिली नव्हती. “उगाच लिहून कशाला द्या? उद्या अंगाशी यायचं,” असं काकूंनी मलाही बजावलं होतं. मावशी दारात उभ्या. अर्ज दोन्ही हातांनी धरलेला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. मला मे महिना आठवला. मी पेन आणलं आणि सही केली.

काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. मग एके दिवशी स्वतःच विचारत आल्या, “तो दाखला कसा लिहायचा गं?” गल्लीत आता सहा बायकांची नोंदणी झाली आहे. बोनस दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं. सुट्टीचं आम्ही समोरासमोर बसून ठरवलं, की रविवारीच घ्यायची, आणि घरात कार्य असेल तर आठवडाभर आधी सांगून बदलायची. मावशींनीही दोन गोष्टी सोडल्या, मीही सोडल्या. वाटाघाटी म्हणजे तरी दुसरं काय असतं?

आता रविवारी भांडी आम्हीच घासतो. म्हणजे मी घासते आणि हे विसळतात. पहिल्या रविवारी पाटावर बसताना हे म्हणाले, “आपणही संघटना काढायची का?”

मी म्हटलं, “काढू या की. पण आधी ती कढई नीट घासा.”