सुट्टी मुलांची, सुगी कलावंतांची

वार्षिक परीक्षा संपल्या की बालगोपाळांना सुट्टी लागते आणि त्याच सुमारास एका छोट्या वर्गाच्या कामाला उधाण येते. जादूगार, बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे शब्दभ्रमकार, विदूषकाचा वेश चढवून फुग्यांचे ससे-हत्ती करून देणारे, बालनाट्यांतील नट या सर्वांची खरी सुगी एप्रिल-मे महिन्यांत. दिवाळी आणि नाताळ ही त्यांची लहान सुगी. उरलेले महिने वाढदिवस आणि शाळांची स्नेहसंमेलने यांवर निभावून न्यायचे.

महाराष्ट्रात या व्यवसायाला कलेची प्रतिष्ठा लाभली आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली 'लिटल थिएटर'तर्फे रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले आणि मराठी बालनाट्याला नवे वळण मिळाले. मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' २०१८ साली पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा लहानपणी ते पाहिलेले आई-वडील आपल्या मुलांना घेऊन नाट्यगृहात गेले. यशवंत पाध्ये यांचा 'अर्धवटराव' पुत्र रामदास पाध्ये यांनी घराघरांत पोहोचविला. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांच्या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

हसविण्याचे हे काम वरवर वाटते तितके सोपे नाही. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. शब्दभ्रमकाराला मात्र ओठ न हलविता, केवळ जिभेच्या साहाय्याने, त्यांचा भास निर्माण करावा लागतो. त्यासाठी दीर्घ रियाज हवा. बालप्रेक्षक भिडस्तही नसतो. कंटाळला की तो सरळ उठून जातो, जादूगाराची चलाखी दिसली की मोठ्याने सांगून टाकतो. ऐन मे महिन्यात केसाळ अस्वलाच्या वेशात नाचणाऱ्या कलावंताचा घाम तर कोणालाच दिसत नाही. इतरांच्या मुलांना रिझविताना स्वतःच्या मुलांची सुट्टी त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

खरी परीक्षा असते ती हिशेबाची. समजा, एखाद्या कलावंताला व्यवसायाचा खर्च वजा जाता वर्षाकाठी ३,६०,००० रुपये मिळतात. त्यांपैकी २,१६,००० रुपये एप्रिल-मेमध्येच हाती येतात. उरलेल्या दहा महिन्यांत दरमहा सरासरी १४,४०० रुपये पडतात. घरखर्च २४,००० रुपये असेल तर दरमहा ९,६०० रुपयांची, म्हणजे एकूण ९६,००० रुपयांची तूट येते. ती मे अखेरीसच बाजूला काढावी. जूनची रक्कम बचत खात्यात ठेवून बाकीच्या रकमेच्या नऊ मुदत ठेवी अशा कराव्यात, की जुलै ते मार्च दरमहा एक ठेव परिपक्व होईल. दोन महिन्यांचा खर्च आणि ही तरतूद जाऊनही ७२,००० रुपये उरतात. ते अडीअडचणीसाठी राखावेत.

अशा गंगाजळीचे मोल महामारीने दाखवून दिले. २०२० आणि २०२१ या लागोपाठच्या दोन्ही उन्हाळ्यांत नाट्यगृहे बंद होती. ज्यांचे पोट सुट्टीवर, त्यांच्या दोन सुग्या बुडाल्या.

वृद्धापकाळाची तरतूदही हवीच. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या आणि प्राप्तिकर न भरणाऱ्या व्यक्तीस सहभागी होता येते. त्यात हप्ता सहामाही भरण्याचीही सोय असल्याने हंगामी उत्पन्नाला ती विशेष सोयीची ठरते. प्रवास सतत करावा लागणाऱ्यांनी वार्षिक २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघात संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही ध्यानात ठेवावी.

कर्ज मागताना पगारपत्रक कोठून आणावे, हा या मंडळींचा नेहमीचा प्रश्न. यावर सोपा उपाय म्हणजे बिदागी रोखीने न घेता खात्यातच घेणे. दोन-तीन वर्षांचे खातेउतारे सुगीचे चित्र स्पष्ट दाखवितात. आम्हा बँक कर्मचाऱ्यांनाही ते वाचता आले पाहिजे. पीककर्जाची परतफेड सुगीनंतर ठेवण्याची पद्धत आपल्याला परिचित आहे. ध्वनिक्षेपक वा बाहुल्यांसाठी कर्ज मागणाऱ्या कलावंताच्या हप्त्यांचा विचारही त्याच दृष्टीने करता येईल.

येत्या सुट्टीत आपल्या पाल्यांना एखादा खेळ अवश्य दाखवावा आणि कलावंताची बिदागी त्याच दिवशी चुकती करावी. त्या रकमेवर त्याच्या घरची जून महिन्यातली वह्या-पुस्तके अवलंबून असतात.