शटर वर, गाडी बाहेर

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास गॅरेजांना तोटा नाही. न्हावाशेव्याचे ट्रेलर, लोखंड वाहणारे ट्रक, घाटात दमलेले टँकर इथेच येतात. अशा एखाद्या गॅरेजातल्या उस्तादाचा आणि त्याच्या हाताखालच्या पोऱ्याचा दिवस साधारण असा जातो.

सकाळी ७.३०

शटर पार वरपर्यंत जातं. मागच्या भिंतीतल्या पंख्याची काजळी पुसायची, तो फिरतोय का बघायचं, मगच गाडीला चावी. रात्री आत लावलेला ट्रक आधी बाहेर काढायचा. पोऱ्या म्हणतो, ‘‘उस्ताद, ही तर नवी बीएस-६ गाडी आहे, हिचा कसला धूर?’’ बीएस-६ म्हणजे गाडीच्या धुरासाठीचे नवे निकष, त्यामुळे धूर दिसत नाही हे खरं. पण सायलेन्सर साधारण २०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्यात युरियाचं पाणी फवारलंच जात नाही. तोवर नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड न अडता बाहेर पडतात. त्याच रांगेत बीएस-३, बीएस-४ च्या जुन्या गाड्याही उभ्या असतात. त्यांच्यातल्या बहुतेकींना काजळी अडवणारी जाळीच नसते.

बंद खोलीत इंजिन चालवायचं तर धूर साचणार नाही याची सोय हवी, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं १४ वं कलम सांगत असे. गॅरेज छोटं म्हणून कायद्यातून सुटेल. फुप्फुस सुटत नाही.

९.००

पहिली गाडी युरिया भरायला. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि युरियाच्या पाण्याचे कॅन घरोघरच्या पाण्याच्या बाटल्यांसारखे गॅरेजात दिसू लागले. आत ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी क्षारमुक्त पाणी. पोऱ्याला भीती याचीच. हातावर सांडलं की वाळून पांढरी खर धरते, म्हणून तो बिचकतो. खरं तर थंड द्रावण फारसं घातक नाही; साध्या पाण्याने हात धुतले की झालं. डोळ्यात गेलं तर मात्र भरपूर पाण्याने डोळा धुवायचा. उन्हात तापलेल्या टाकीचं झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवायचं, कारण अमोनियाचा भपका तिथून येतो.

एक ड्रायव्हर शेतीचा युरिया बादलीत कालवून आणतो. सरकारी अनुदानामुळे ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा मोह होतोच. पण त्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि त्यातली अशुद्ध द्रव्यं सायलेन्सरमधला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट निकामी करतात. उस्ताद ती बादली गाडीत ओतू देत नाही.

११.००

खरा धोका आता समोर येतो. एका ट्रकचा युरिया इंजेक्टर पांढऱ्या खड्यांनी तुंबलाय. पोऱ्या सवयीने गॅसची बत्ती पेटवायला जातो.

‘‘अरे, ठेव ती खाली! गरम पाणी आण.’’

युरिया १३३ अंशांना वितळतो आणि आणखी तापला की फुटतो. त्यातून अमोनिया निघतो आणि आयसोसायॅनिक आम्लाची वाफही. चालत्या गाडीत हे सगळं बंद नळीत घडतं आणि अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडशी भिडून शेवटी नायट्रोजन आणि पाणी उरतं. बत्ती लावल्यावर तीच रसायनं थेट नाकात जातात. गरम पाण्यात बुडवून ठेवलं की बरेचसे खडे विरघळतात. वेळ जास्त लागतो, एवढंच.

कामाच्या जागी अमोनियाची कारखाने अधिनियमाने ठरवलेली मर्यादा आठ तासांसाठी हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग होती. तो वास नाकाला हळूहळू सरावतो. म्हणून ‘‘आता वास येत नाही’’ हा पुरावा धरायचा नाही. डोळे चुरचुरले, घसा खवखवला की बाहेर यायचं.

१.००

जेवणाची सुट्टी. डिझेलने हात धुवायची जुनी सवय उस्तादाने बंद केली आहे. डिझेल चामडीतलं तेल ओढून घेतं, मग भेगा आणि खाज. साबण, पाणी आणि डबा उघडायची जागा गाड्यांपासून लांब.

एका ड्रायव्हरने मायलेज वाढवणारी बाटली आणलीय. अशा काही औषधांत २-एथिलहेक्सिल नायट्रेट असतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून त्याच्या वाफेने डोकं ठणकतं. बाटली ओतायची ती उघड्यावर, हातमोजे घालून.

३.३०

काजळीची जाळी भरलेला टँकर. उभ्या गाडीत ती जाळायची तर तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं, म्हणून हे काम रस्त्याकडच्या मोकळ्या जागेत, सुक्या कचऱ्यापासून दूर. जाळी काढून हवेच्या पाइपने फुंकायची नाही. ती राख आणि काजळी अख्ख्या गॅरेजात पसरते. इथे एन-९५ मास्क लागतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक काजळी थांबत नाही आणि एन-९५ ने अमोनिया थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. त्यामागे अमेरिकेतल्या आठ खाणींतल्या १२,३१५ कामगारांचा अभ्यासही होता. म्हणजे गॅरेजात सगळ्यात जास्त भ्यायचं ते सवयीच्या धुराला. नव्या युरियाचा नंबर त्यानंतर.

६.३०

पोऱ्याचा खोकला पंधरा दिवस हटलेला नाही. उस्ताद त्याला दवाखान्यात धाडतो आणि बजावतो, ‘‘डॉक्टर बिडीचं विचारतील. तू कामाचंही सांग. बंद जागेत किती तास इंजिन चालतं, काय तापवतोस, सगळं.’’ सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो का, हेही सांगायला हवं. कामाचा संबंध त्यातूनच कळतो.

८.००

गाड्या लावून शटर खाली. गॅरेजमालकांनो, सायलेन्सरला जोडून धूर बाहेर सोडणारा एक पाइप, मागच्या भिंतीला एक पंखा, गरम पाण्याची किटली आणि मास्कचा डबा एवढीच ही यादी आहे. एका जड गाडीच्या इंजेक्टरच्या किमतीत यातलं बरंच काही येतं. उद्या सकाळी पहिली चावी फिरवण्याआधी ते आणा.