क्वाथपात्रातील पाणी आणि त्याचे तापमान

क्वाथविधी समजावताना द्रव्याचे प्रमाण, भरड आणि अवशेष यांविषयी आपण रुग्णास बजावून सांगतो. ज्या पाण्यात हे सारे घडते त्याच्या स्वभावाविषयी मात्र सहसा बोलत नाही. रावेतसारख्या झपाट्याने वाढलेल्या वस्तीत, पाळीच्या नोकरीमुळे वेळेची ओढाताण असलेले रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, काढा कुकरमध्ये केला तर चालेल ना?" या प्रश्नाचे उत्तर पाण्यापाशीच आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. रावेत समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने येथे ते 98 अंशांच्या आसपास उकळते. या दोन अंशांनी क्वाथाचे काही बिघडत नाही. पिण्याचे पाणी निर्जंतुक होण्यासही ते पुरेसे आहेत. लक्षात घ्यावयाचे ते असे की, एकदा उकळी फुटल्यावर आच कितीही वाढविली तरी पाण्याचे तापमान पुढे सरकत नाही. जास्तीची सारी उष्णता वाफ होण्यात खर्ची पडते. म्हणजे तीव्राग्नीने द्रव्य अधिक तापत नाही, केवळ पाणी लवकर आटते आणि द्रव्याला आपला अंश उतरविण्यास अवधी मिळत नाही. मृदु अग्नीचा शास्त्रादेश हा आमच्या मते मुख्यत्वे काळाचा आदेश आहे.

एक ग्रॅम पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे 73 कॅलरी लागतात, तर त्याचीच वाफ करण्यास सुमारे 540. शार्ङ्गधरोक्त षोडशगुण जलाचा अष्टमांश उरवायचा, तर 16 भागांपैकी 14 भाग उडवावे लागतात. साहजिकच उकळी आणण्यापेक्षा आटविण्यास सहापटींहून अधिक उष्णता लागते. औषधी निर्मात्यांनी इंधनाचा हिशेब करताना हे ध्यानी घ्यावे.

कुकरमध्ये दाब वाढल्याने तापमान 120 अंशांच्या जवळ जाते, पण पाणी फारसे आटत नाही. अग्नी निराळा, अवशेष निराळा. म्हणून त्यास अष्टमांश क्वाथ म्हणता येणार नाही. क्वाथ उघड्या तोंडाच्या पात्रातच आटवावा.

याला एक मर्यादा आहे. दालचिनी, वेलची, तुळस यांतील सुगंधी तेलांचा उत्कलनांक पाण्याहून बराच अधिक असूनही ती वाफेबरोबर निघून जातात. अर्कयंत्रात आपण याच गुणाचा उपयोग करतो. काढ्याचा सुवास घरभर दरवळतो तो पेल्यातून वजा झालेला असतो! अशा द्रव्यांचा फांटच करावा, आणि तो झाकून ठेवावा.

विरघळलेले क्षार मात्र वाफेबरोबर जात नाहीत. रावेत बंधाऱ्यावर उचललेले पवनेचे पाणी निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरास मिळते. पण टंचाईत अनेक सोसायट्यांना टँकर वा बोअरवेलचा आधार घ्यावा लागतो, आणि दख्खनच्या कातळातील पाणी पुष्कळदा जड असते. उकळल्यावर त्यातील काही चुना पांढऱ्या थराने पात्रास धरतो. जे क्षार विरघळलेलेच राहतात, ते अष्टमांश अवशेषात मूळच्या आठपट दाट होतात. वृक्कविकाराच्या किंवा मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णास क्वाथ देताना घरी कोणते पाणी येते, हे अवश्य विचारावे. फार्मसीत पाण्याचा स्रोत बदलल्यास त्याची काठिण्यचाचणी करून बॅचच्या नोंदीत ती लिहावी.

स्नेहपाकातही पाण्याचाच पहारा असतो. जलांश आहे तोवर कढईचे तापमान उत्कलनांकाच्या आसपास रेंगाळते. तो संपत आला की पारा झपाट्याने चढू लागतो, आणि मध्यम पाकाचा खरपाक होण्यास वेळ लागत नाही. तेलात फेस उठणे, तुपात तो शमणे आणि कल्काची वात न चरचरता जळणे या परीक्षा आहेतच. वाफेच्या दुपदरी कढईत काम करणाऱ्यांनी त्यांच्या जोडीला तापमापक ठेवावा, व पारा हलू लागताच वाफेची झडप आवळावी. कारण कढईची तापलेली भिंत झडप बंद केल्यावरही काही काळ स्नेहास उष्णता देतच राहते.