जुन्नरची लेणी आणि चिनी ग्रंथ

पूर्व आशियाचा इतिहास, साहित्य आणि संस्कृती या विषयातील पीएच.डी. म्हणजे प्रामुख्याने चीन, जपान आणि कोरियातील मूळ साधनांवरचे संशोधन. महाराष्ट्रात या अभ्यासाला चालना मिळाली ती बौद्ध ग्रंथांमुळे. त्यांची गरज का पडते, हे जुन्नरच्या लेण्यांवरून कळते.

माळशेज घाटाच्या वाटेवरचे मढ ज्या जुन्नर तालुक्यात आहे, तिथे शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा इथे बौद्ध लेणी आहेत. एका ब्राह्मी लेखात नगरातील धर्मोत्तरीय भिक्षुणींच्या विहाराचा उल्लेख येतो. हा संप्रदाय वात्सीपुत्रीयांतून फुटला, अशी माहिती वसुमित्राच्या ग्रंथात मिळते. नाशिक आणि कान्हेरीच्या लेखांतला भद्रायणीय संप्रदायही त्याच भावकीतला. वसुमित्राचा मूळ संस्कृत ग्रंथ मात्र आज उपलब्ध नाही. त्याची तीन चिनी भाषांतरे आणि एक तिबेटी भाषांतर उरले आहे. चिनीतले एक ह्युएन त्संगचे, इ.स. ६६२ मधले. हा प्रवासी त्याआधी पुलकेशी दुसरा याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता.

पुण्यातील पालीचे अभ्यासक पु. वि. बापट यांनी अशाच कामासाठी चिनी भाषा आत्मसात केली. त्यांनी १९३२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांचा त्यांनी केलेला तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यासाठी ‘विमुत्तिमग्ग’च्या सहाव्या शतकातील चिनी भाषांतराचा आधार घ्यावा लागला. पुढे जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्यासह त्यांनी विनयपिटकावरील टीकेच्या चिनी रूपांतराचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९७० मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने छापला. फर्ग्युसन महाविद्यालयातील वा. वि. गोखले यांनीही चिनी आणि तिबेटी ग्रंथांवर काम केले.

आधुनिक चीनच्या अभ्यासाची वाट वेगळी. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार गो. पु. देशपांडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयाचे प्राध्यापक होते. तिथे राजकारण, परराष्ट्रधोरण आणि समकालीन विचार हे अभ्यासाचे विषय ठरतात.

दोन्ही वाटांवर सर्वाधिक वेळ भाषेवर खर्च होतो. आजची बोलीची चिनी येत असली तरी अभिजात चिनी ग्रंथ आपोआप वाचता येत नाहीत. जुन्या पोथ्यांत विरामचिन्हे नसतात आणि वाक्ये अतिशय आटोपशीर असतात. बौद्ध भाषांतरकारांनी कित्येक संस्कृत नावे ध्वनीनुसार चिनी अक्षरांत उतरवली. ती ओळखायला संस्कृत-पालीचे ज्ञान कामी येते. चिनी त्रिपिटकाची प्रमाण मानली जाणारी ‘ताइशो’ आवृत्ती १९२४ ते १९३४ या काळात तोक्योत निघाली आणि या विषयावरचे बरेच संशोधन जपानीत आहे. म्हणून जपानीही शिकावी लागते.

मढसारख्या गावातील विद्यार्थ्याला पदवीच्या काळातच भाषेचा अभ्यास सुरू करणे सोयीचे ठरते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जपानी आणि पाली शिकता येतात. पुढील संशोधनासाठी जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि १९३७ मध्ये सुरू झालेले शांतिनिकेतनचे चीन भवन ही प्रमुख केंद्रे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे मिळतात. भाषेची तयारी आधी झालेली असेल, तर ही वर्षे मूळ साधने वाचण्यासाठी आणि प्रबंधासाठी वापरता येतात.